अख्खी कुपी

चिऊसिस्टरला खुर्ची मिळाली आणि तिथूनच सगळी पंचाईत सुरू झाली.

बावीस वर्षं मुलांच्या वॉर्डात काढलेली बाई ती. तिथं खुर्ची म्हणजे आजारी पोराच्या आईची वस्तू. सिस्टर लोकांनी टेकायचं ते खाटेच्या कडेला नाहीतर टेबलाच्या कोपऱ्याला, तेही पाठीला फारच रग लागली तर. आणि विद्यापीठात पहिल्याच सकाळी कार्यालयातल्या कारकुनानं तिला तिसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत नेलं, चाकं असलेली खुर्ची दाखवली आणि म्हणाला, "ही तुमची मॅडम. वरखाली होते." तो गेल्यावर ती बसली. वर झाली, खाली झाली. पाच मिनिटांत उठली आणि खिडकीशी गेली. खाली सायकली लावल्या होत्या, त्या मोजल्या. परत येऊन बसली. घड्याळात साडेनऊ वाजले होते. वॉर्डात असती तर एव्हाना सात पोरांचे ताप बघून झाले असते, दोघांचं सलाईन बदलून झालं असतं आणि एखाद्या आजोबांशी भेटीच्या वेळेवरून खटका उडून मिटलाही असता.

चिऊसिस्टर हे नाव पोरांनी ठेवलेलं. इंजेक्शन देताना ती ओठांचा चंबू करून हुबेहूब चिमणीचा आवाज काढायची. पोरगं 'कुठंय, कुठंय' म्हणत छताकडे बघायला लागलं की तेवढ्यात सुई जाऊन परत आलेली असायची. पुढं डॉक्टरही तिला त्याच नावानं हाक मारू लागले. इथं विद्यापीठात मात्र दारावर तिच्या नावाची पाटी होती, पदवी होती, आणि चिऊबिऊ कुणाला ठाऊक नव्हतं.

ती इथं आली कशी, तर वॉर्डात शिकायला येणाऱ्या विद्यार्थिनींमुळे. दर वर्षी सहा मुली यायच्या आणि ती त्यांना हाताला धरून शिकवायची. तापलेल्या पोराची नाडी बघताना आधी आपला हात कसा ऊन करून घ्यायचा, रडणाऱ्यापेक्षा रडायचं थांबलेल्या पोराकडे आधी का धावायचं, असलं सगळं. त्याच काळात तिनं जेवणाच्या टेबलावर बसून, पाच वर्षं घासून पदव्युत्तर परीक्षा दिली होती. एकदा विद्यापीठातल्या विभागप्रमुख वॉर्डात आल्या. उंच, किडकिडीत, गळ्यात चष्मा लोंबकळत असलेल्या बाई. अर्धा तास कोपऱ्यात उभ्या राहून त्यांनी तिचं शिकवणं बघितलं आणि निघताना म्हणाल्या, "इथं तुम्ही सहा जणींना शिकवता. माझ्याकडे साठ आहेत."

तो आकडा तिच्या डोक्यात जाऊन बसला. तिनं घरी नवऱ्याला सांगितलं. नवऱ्याचं चष्म्याचं दुकान. दिवसभर लोकांना 'आता बरं दिसतंय की मघाशी बरं दिसत होतं?' असं विचारण्यात जन्म गेलेला, त्यामुळं स्वभाव कमालीचा शांत.

"नाही गेलीस तर आयुष्यभर मला ऐकवशील," तो म्हणाला. "त्यापेक्षा जा बाई."

म्हणून ती गेली. आणि गेल्यापासून तिचा पाय कुठं ठरेना.

जेवणाचा डबा ती चार मिनिटांत संपवायची आणि मग उरलेल्या सव्वीस मिनिटांचं काय करायचं हे तिला कळायचं नाही. दिवसातून वीस वेळा हात धुवायची, हाताला काही लागलेलं नसताना. लिफ्ट आली की जो 'टिंग' आवाज व्हायचा तो नेमका सलाईनच्या पंपासारखा होता, त्यामुळं पहिला आठवडाभर ती दर वेळी खुर्चीतून उठायची आणि दारापर्यंत जाऊन ओशाळून परत यायची. बैठकीत सगळे बसलेले असताना ही भिंतीला टेकून उभी. घरी तर त्याहून कहर. "आई, तू घरात राउंड घेतेयस," कॉलेजात जाणारी लेक म्हणाली. "मघापासून तिसऱ्यांदा माझ्या खोलीत डोकावलीस. मी जिवंत आहे."

पहिला तास तर बोलायची सोय नाही असा झाला. बालकांमधलं निर्जलीकरण, अठ्ठेचाळीस स्लाइड. पंधरा दिवस खपून केलेल्या. पन्नास मिनिटांचा तास तिनं पंचवीस मिनिटांत उरकला, कारण वॉर्डात कुणालाच कधी पन्नास मिनिटं मिळत नाहीत. मग ती थांबली. समोर साठ चेहरे. पहिल्या बाकावर एक मुलगी पाच रंगांची पेनं घेऊन बसली होती. तिनं शेवटचा शब्दही हिरव्यानं अधोरेखित केला आणि पुढच्या शब्दाची वाट बघत राहिली. पुढचा शब्द नव्हता.

"काही शंका?" चिऊसिस्टरनं विचारलं.

मधल्या रांगेतली एक ठेंगणी, मोठा अंबाडा घातलेली मुलगी उठली. वर्गात तिला सगळे 'वकील' म्हणत. "मॅडम, हे सगळं पुस्तकात आहेच. तुम्ही खऱ्या वॉर्डात होतात ना? तिथं असंच असतं का?"

"साधारण असंच," ती म्हणाली, आणि जिना उतरताना स्वतःलाच शिव्या घातल्या. साधारण! बावीस वर्षांचं एका शब्दात लोणचं घातलं.

त्या संध्याकाळी ती घरी न जाता वॉर्डात गेली. म्हणजे पायांनीच नेलं. तिथं आता 'धाकटी' प्रमुख होती. चौदा वर्षांपूर्वी नवी लागली तेव्हा सगळ्यांत लहान, म्हणून धाकटी. चिऊसिस्टरच्या हाताखाली तयार झालेली, तिला ताई म्हणणारी. धाकटी एका बाळाला नाकातून नळी घालत होती. चिऊसिस्टर उभी राहिली, थोडा वेळ बघितलं आणि मग तिचे हात आपोआप औषधांच्या ट्रॉलीकडे वळले. कापूस डावीकडे, चिकटपट्टी वरच्या कप्प्यात, लहान सिरिंजा पुढं. धाकटीनं नळी नीट बसवली, बाळाला आईकडं दिलं, हातमोजे काढले आणि मग हळू आवाजात म्हणाली, "ताई, ट्रॉली मी उलटी लावलीय. मुद्दाम. मी डावखुरी आहे ना."

"अगं हो की."

"चहा घेता?"

'चहा घेता' हे पाहुण्याला विचारतात. वॉर्डातल्या माणसाच्या हातात कप नुसता कोंबतात. चिऊसिस्टर नको म्हणाली आणि चालत घरी आली, बस असताना.

असे दोन महिने गेले. शिकवणं थोडं सुधारलं, पण जीव रमत नव्हता. राजीनामा लिहून तिनं संगणकात ठेवला होता, रोज उघडून एखादा शब्द बदलायची. मग औषधांच्या मात्रेचा तास आला.

मुलांचं औषध वजनावर असतं. किलोला किती, गुणिले वजन, भागिले बाटलीतली ताकद. गणित सातवीतलं, पण पोरीपोरांना घाम फुटतो. तिनं फळ्यावर सहा उदाहरणं घातली. मागच्या रांगेत दोघं मोबाइलमध्ये बघत होते. रंगीत पेनवालीनं सहाही सोडवून वही मिटली होती. मागच्या रांगेतला एक मुलगा दुसऱ्याला म्हणाला, आणि ते तिला स्पष्ट ऐकू आलं, "दशांश चिन्ह चुकलं तर अर्धा मार्क जातो फक्त."

चिऊसिस्टर फळ्याकडे तोंड करून उभी होती. हातातला खडू तिनं खाली ठेवला. तिचं असं काही ठरलेलं नव्हतं. नंतर नवऱ्याला ती शपथेवर सांगत होती, की अजिबात ठरलेलं नव्हतं.

"अर्धा मार्क कुणाचा जातो ते सांगते," ती म्हणाली. आणि पुन्हा फळ्याकडे वळून तिनं लिहिलं: १.०

"हे किती?"

"एक," वर्ग म्हणाला.

"चौदा वर्षांपूर्वी मी हे दहा वाचलं."

मोबाइल खाली गेले.

"दोन वर्षांची मुलगी होती. वजन दहा किलो. पोटाचं ऑपरेशन होऊन आलेली, दुखण्यानं कळवळत होती. डॉक्टरांनी दुखणं थांबवायचं जबर औषध लिहिलं, एक मिलिग्रॅम. पण एकापुढं टिंब देऊन शून्य काढलं, आणि ते टिंब कागदाच्या रेघेवर पडलं. दुपारी दोनची वेळ, पाळी बदलायची गडबड. त्या औषधाची काचेची कुपी येते, तिच्यात बरोबर दहा मिलिग्रॅम असतं. मी दहा वाचलं, कुपीत दहा होतं. सगळं कसं छान जुळलं."

"दुसऱ्या सिस्टरनं तपासायचं असतं ना?" वकिलानं विचारलं.

"असतं. ती शेजारच्या खाटेपाशी होती. मी तिला विचारलं, 'दहा आहे ना गं?' ती 'हो' म्हणाली. तुम्ही सांगा, माझं काय चुकलं?"

मग मागच्या रांगेतलाच तो अर्ध्या मार्कवाला मुलगा चाचरत म्हणाला, "तुम्ही उत्तर आधीच सांगितलंत."

"शाब्बास. उत्तर प्रश्नातच घालून दिलं. 'किती आहे?' असं विचारायला हवं होतं. मी औषध दिलं. हळू द्यायचं असतं, हळूच दिलं. मुलगी शांत झाली. आई म्हणाली, बरं झालं, झोपली. मी रिकामी कुपी टाकायला डब्याशी गेले आणि हात तिथंच थांबला. मुलांच्या वॉर्डात कुपीत नेहमी काहीतरी उरतं. मोठ्या माणसांसाठी केलेली असते ती, पोराला त्यातला थेंबभर लागतो, बाकी टाकून द्यायचं असतं. माझ्या हातातल्या कुपीत काही म्हणजे काही उरलं नव्हतं."

ती थांबली. फळ्यावरच्या टिंबावरून तिनं पुन्हा एकदा खडू फिरवला.

"परत धावले. मुलीचे श्वास मोजले तर मिनिटाला सहा. ओठ निळे पडायला लागलेले. ओरडून डॉक्टरांना बोलावलं आणि ते येईपर्यंत तोंडावर मास्क धरून हातानं फुगा दाबत श्वास देत राहिले. त्या औषधावर उतारा असतो, तो दिला. अर्ध्या तासानं ती रडली. तिला रात्रभर मशीनला लावून ठेवलं. चौथ्या दिवशी घरी गेली, धडधाकट. अहवाल लिहिला गेला, मी सही केली. तेव्हापासून एकापुढं शून्य कुणी लिहिलं की मी तो कागद डॉक्टरांच्या हातात परत देते."

तास संपल्याची घंटा झाली. कुणी उठलं नाही. वकील मात्र उभी राहिली.

"मॅडम, त्या आईला सांगितलंत?"

हो म्हणणं किती सोपं होतं. एक अक्षर. साठ जण ते लिहून घेऊन गेले असते आणि आयुष्यभर चांगले वागले असते. चिऊसिस्टरनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

"नाही," ती म्हणाली. "तेव्हाचे मोठे डॉक्टर म्हणाले, पोरगी बरी आहे, उगाच आईच्या जिवाला घोर कशाला. मलाही तेच हवं होतं. आईला सांगितलं की औषध सोसलं नाही. ती शिलाईकाम करणारी बाई होती, बोटांना सुया टोचल्याच्या खुणा होत्या. जाताना माझे दोन्ही हात धरून म्हणाली, 'सिस्टर, तुम्ही होतात म्हणून माझी पोर वाचली.' आणि मी म्हटलं, 'अहो, आमचं कामच आहे ते.'"

तिनं फळा पुसला आणि बाहेर पडली.

तिसऱ्या दिवशी विभागप्रमुखांनी बोलावलं. त्यांच्यासमोर एक छापलेला कागद होता, खाली नाव नसलेली तक्रार. शिक्षिकेनं स्वतःची गंभीर चूक वर्गात सांगितल्यामुळं विद्यार्थ्यांचं मनोधैर्य खचलं आहे, झोप उडाली आहे, इत्यादी. विभागप्रमुखांनी चष्मा डोळ्याला लावून तो पुन्हा वाचला.

"राजीनामा तयार आहे माझा," चिऊसिस्टर उभ्या उभ्याच म्हणाली.

"बसा आधी. तुम्ही कधी बसतच नाही, समोरच्या माणसाची मान दुखते." ती बसली. "मी सोळा वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये होते. अशी एक गोष्ट माझ्याकडेही आहे. मी ती सांगत नाही, एवढाच फरक. तुम्हाला मी अडवणार नाही. पण तुम्ही अर्धंच शिकवून सोडलंत. चूक होते हे सांगून पोरांना घाबरवलंत. झाल्यावर पहिल्या पाच मिनिटांत काय करायचं, हे कोण शिकवणार? मी?"

विभागप्रमुखांनी चष्मा काढून पुन्हा गळ्यात सोडला.

"आणि त्या आईला शोधणार आहात का?"

हा प्रश्न तिनं स्वतःला इतक्या वेळा विचारला होता की दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर ती खुर्चीतून उठलीच. त्याच आठवड्यात तिनं इस्पितळाच्या अधीक्षकांकडे रीतसर अर्ज केला: त्या बाईचा पत्ता मला नको, पण इस्पितळानं तिला कळवावं, मी भेटायला तयार आहे. अधीक्षकांनी अर्ज तळघरातल्या दप्तरखान्यात पाठवला. तिथल्या म्हाताऱ्या कारकुनानं तिला फोन करून सांगितलं, "बाई, दहा वर्षांपेक्षा जुने कागद आपण ठेवत नाही. लगदा होतो त्यांचा." ती थँक्यू म्हणाली. फोन ठेवल्यावर तिला हायसं वाटलं, आणि हायसं वाटलं म्हणून स्वतःचा इतका राग आला की तिनं भर दुपारी घरातली सगळी कपाटं उपसून काढली. नवरा दुकानातून आला तेव्हा पलंगावर चादरींचा डोंगर होता. त्यानं काही विचारलं नाही. एका बाजूनं चादरीची दोन टोकं धरली आणि ती दुसरी दोन धरेपर्यंत उभा राहिला.

पण खरा घाव पुढं होता.

गोष्ट वॉर्डापर्यंत पोचायला कितीसा वेळ लागणार! त्याच वर्गातल्या मुलामुलींच्या तुकड्या आळीपाळीनं तिथं जात होत्या. एका दुपारी धाकटीचा फोन आला. "ताई, आज येऊन जा." एवढंच. 'वेळ असेल तर' नाही, 'चहाला' नाही.

चादरी ठेवायच्या खोलीत धाकटीनं दार लावून घेतलं.

"शेजारच्या खाटेपाशी कोण होतं, ते सांगितलंत का वर्गात?"

"नाही गं. नाव घेतलं नाही मी."

"इथं चौदा वर्षांपूर्वी नवी कोण होती, हे मोजायला काय अक्कल लागते? ती अंबाडेवाली पोरगी सकाळपासून माझ्याकडे बघत होती. विचारलं नाही तिनं काही, पण बघत होती." धाकटीनं ढिगातली एक चादर ओढून उलगडली. "तुम्ही तुमची गोष्ट सांगितलीत, मोकळ्या झालात. टाळ्याही पडल्या असतील. पण 'हो' कोण म्हणालं होतं? मी. लागून तीन आठवडे झाले होते मला. मी कागदाकडे बघितलंही नव्हतं, ताई. तुम्ही विचारलंत म्हणून हो म्हणाले. तुम्ही विचारल्यावर कोण नाही म्हणणार होतं? चौदा वर्षं मी हे कुणाला बोलले नाही, नवऱ्यालासुद्धा. आणि तुम्ही मला साधं विचारलंही नाहीत."

खरंच, चिऊसिस्टरनं विचारलं नव्हतं. चौदा वर्षं ती एकटीच ते ओझं वाहतेय अशाच समजुतीत होती. शेजारच्या खाटेपाशी उभ्या असलेल्या, तीन आठवड्यांच्या नवख्या पोरीचं काय झालं असेल, हा विचार तिच्या मनाला शिवलाही नव्हता.

"चुकलं माझं," ती म्हणाली.

"हो, चुकलं," धाकटी म्हणाली, आणि पलीकडे पोर रडलं म्हणून दार उघडून निघून गेली.

त्यानंतर तीन महिने दोघी एकमेकींशी कामापुरतंच बोलल्या. विद्यार्थ्यांची यादी, तारखा, वेळा. 'ताई'चं 'मॅडम' झालं. चिऊसिस्टरचं वजन चार किलो उतरलं. राजीनाम्याचा कागद तिनं एकदा छापूनही काढला. पण विभागप्रमुखांचं ते 'अर्धंच शिकवलंत' तिला चावत होतं, आणि अर्धं काम टाकून उठणं तिच्या हाडात नव्हतं.

म्हणून तिनं पाच मिनिटांचा तास सुरू केला. स्लाइड नाहीत. सरावाच्या खोलीत खाटेवर रबरी बाहुलं. एकानं चूक केलेली, दुसऱ्यानं आई व्हायचं, आणि घड्याळ लावायचं. पोराकडे बघा, हाक मारा, सांगा. वरिष्ठांना सांगा. आईला सांगा. 'औषध सोसलं नाही' हे शब्द वापरायचे नाहीत. पहिले काही दिवस नुसता सावळागोंधळ. कुणी हसत सुटायचं, कुणी 'मॅडम, मला नाही जमत' म्हणून बसकण मारायचं. एकजण तर रबरी बाहुल्याचीच माफी मागत राहिला. वकील आई झाली की समोरच्याची धडगत नसे. "सही कुणाची आहे? तुम्ही काय झोपला होता का?" अशी ती कडाडायची. पण हळूहळू वाक्यं लहान व्हायला लागली. 'तुमच्या मुलाला मी चुकीचं औषध दिलंय. तो आत्ता ठीक आहे. डॉक्टर येताहेत. मी इथंच आहे.' बस. एवढं म्हणायला शिकायला वर्गाला दीड महिना लागला. रंगीत पेनवाली मात्र दर वेळी शेवटी उभी राहायची आणि तिची पाळी यायच्या आत तास संपायचा.

वर्ष संपत आलं तेव्हाची गोष्ट. सकाळी अकराच्या सुमाराला दारावर टकटक झाली. बाहेर रंगीत पेनवाली. वॉर्डातला गणवेश तसाच अंगावर, डोळे सुजलेले.

"मॅडम, मी आज चूक केली."

चिऊसिस्टर खुर्चीतून उठली, मग मुद्दाम परत बसली. "बस. सांग."

"सलाईनचा वेग. सिस्टरांनी तासाला सोळा मिली सांगितला. मला साठ ऐकू आलं. मी साठ लावला. दहा मिनिटं तसंच चाललं. मग मी बाळाकडे बघितलं आणि वाटलं, एवढ्याशा बाळाला साठ कसं? कागद बघितला. बंद केलं, हाक मारली. धाकट्या सिस्टर धावत आल्या. बाळ ठीक आहे. खरंच ठीक आहे, डॉक्टरांनी तपासलं."

"आई?"

"मी सांगितलं." तिला हुंदका फुटला. "धाकट्या सिस्टर माझ्याशेजारी येऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं त्या बोलतील. त्या बोलल्या नाहीत. मला म्हणाल्या, तू सांग, मी आहे. मी सांगितलं. त्या बाई खूप ओरडल्या. मग बाळाला घेऊन बसल्या. मी तिथंच उभी होते. बऱ्याच वेळानं त्यांनी मला पाण्याची बाटली भरून आणायला सांगितली."

"आणलीस?"

"आणली." तिनं नाक पुसलं. "मॅडम, आणखी एक सांगायचंय. ती तक्रार मी लिहिली होती. तुमच्यासारख्या बाईच्या हातून असं होऊ शकतं, तर मग माझं काय, असं झालं मला. दोन रात्री झोपले नव्हते."

"मीही नव्हते," चिऊसिस्टर म्हणाली. तिनं टेबलाच्या खणातून रुमाल काढून दिला.

दुपारी फोन वाजला. धाकटी.

"आली का ती पोर तुमच्याकडे?"

"आली होती."

"सोळा आणि साठ. मीही घाईत तोंडानं सांगितलं, लिहून दिलं नाही. ते मी त्या आईला सांगितलं, नंतर. आणि अहवालातही लिहिलं." पलीकडून काहीतरी पडल्याचा आवाज आला, कुणाला तरी दटावणं आलं, मग पुन्हा धाकटी. "ताई, ऐकताय ना?"

मॅडमचं ताई झालं होतं. चिऊसिस्टरनं फोन हातातून सुटू नये म्हणून दुसरा हातही लावला. "ऐकतेय गं."

"आपण तेव्हा गेलो असतो ना त्या आईकडे, दोघी मिळून, तर एवढं जड गेलं नसतं. आज बघितलं मी. ओरडली ती. पण ओरडून झाल्यावर ती आमच्याशी बोलत होती."

"माफ केलंस का मला?"

"ते एवढ्यात नाही," धाकटी म्हणाली. "कामात आहे मी."

पुढच्या वर्षी नवे साठ आले. औषधांच्या मात्रेचा तास यायच्या महिनाभर आधी चिऊसिस्टर वॉर्डात गेली आणि या वेळी आधी विचारलं. सांगू का? नाव न घेता? की नकोच? धाकटीनं दोन दिवस मागून घेतले. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "तुमचं तुम्ही सांगा. माझं मी येऊन सांगते."

आली. इस्त्रीचे कपडे करून, घशाला आवळा चघळत. चिऊसिस्टरनं आपला अर्धा भाग सांगितला, फळ्यावर टिंब आणि शून्य काढलं, आणि 'मी दहा आहे ना असं विचारलं' इथं थांबली. मग धाकटी उठली, डाव्या हातात खडू घेतला आणि म्हणाली, "ती दुसरी सिस्टर मी. मी कागदाकडे न बघता हो म्हणाले. का म्हणाले, ते सांगते."

चिऊसिस्टरला ते ऐकत बसवेना. ती मागच्या दारानं व्हरांड्यात आली आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझाऱ्या घालू लागली. राजीनामा अजून संगणकात होता. तिनं तो पुसला नव्हता, पण बरेच दिवस उघडलाही नव्हता. आतून धाकटीचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. एकदा आवाज थांबला आणि ती दाराशी जाऊन कान देऊन उभी राहिली. मग कुणीतरी प्रश्न विचारला, आणि धाकटी पुन्हा बोलायला लागली.

घंटा झाल्यावर मुलं बाहेर आली, नेहमीसारखी धक्काबुक्की न करता. सगळ्यांत शेवटी धाकटी. कपाळावर घाम, बोटांना खडू.

"पाणी द्या आधी," ती म्हणाली. "ताई, तुम्ही रोज एवढं बोलता?"